भूमी कुणाची, सूर कुणाचे?

आपल्याकडे एखादी कादंबरी खेड्यावर बेतलेली असली की तिला मातीचा वास आहे असे परीक्षक लिहितात, आणि लेखकही त्यावर खूश होतो. ती माती कुठली, तिच्यात नांगर कोण धरतो आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचे आहे, हे विचारण्याचे कष्ट मात्र सहसा कुणी घेत नाही. वासापुरती माती सर्वांचीच असते. साहित्यात हे खपून जाते, कारण शब्दांना निदान गावाचे नाव तरी सांगता येते. संगीताचे काय? ज्या संगीतात शब्दच नाही, जिथे ऐंशी-नव्वद वादक समोर कागद ठेवून मुकाट्याने वाजवीत असतात, तिथे ‘हा माझा देश’ असे म्हणायचे झाले तर ते म्हणायचे कसे? आणि कुणी तसे म्हटलेच, तर ऐकणाऱ्याने ते मानायचे कशावरून?

हा प्रश्न मला एका तबकडीने घातला. पीटर स्कल्थॉर्प या ऑस्ट्रेलियन संगीतकाराच्या पाच वाद्यवृंदरचनांची ही तबकडी नॅक्सॉस कंपनीने २००४ साली काढली. सिडनीला नोकरीत असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती मला धाडली, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिले, ‘सर, इकडे याला देशाचा आवाज म्हणतात.’ वेष्टनावर पाहावे तो वाद्यवृंद न्यूझीलंडचा, आणि त्याचा संचालक जेम्स जड हा तर इंग्रज! वरात आपली आणि ताशेवाले शेजारच्या तालुक्यातले, असा हा प्रकार. पण चांगले वाजवणाऱ्याला त्याचा तालुका विचारू नये. वाजवले त्यांनी उत्तमच आहे. पियानोवर तमारा ॲना चिस्लोव्स्का आहे. आणि पहिल्या रचनेत डिजरिडू नावाचे वाद्य वाजवणारा विल्यम बार्टन हा या नावाजलेल्या मंडळींत एकटाच असा आहे, की ज्याचे पूर्वज त्या खंडावर हजारो वर्षे नांदत आले. त्याच्याविषयी पुढे बोलायचेच आहे. किंबहुना त्याच्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

प्रथम संगीतकाराची थोडी ओळख. स्कल्थॉर्प १९२९ साली टास्मानिया बेटावर लॉन्सेस्टन या गावी जन्मला आणि २०१४ साली सिडनीत वारला. लहानपणी स्वतः रचलेले संगीत त्याने पियानोच्या शिक्षिकेला दाखवले, तेव्हा बाईंनी त्याच्या हातावर छडी ओढली, अशी हकीकत तो सांगत असे. बाईंची समजूत अशी, की संगीतकार म्हणून जे कुणी असतात ते सगळे केव्हाच मेलेले असतात, या पोराने त्या भानगडीत पडू नये. (या पेशातली ही वृत्ती मला चांगली ठाऊक आहे. निबंधात स्वतःचे वाक्य घालणारा मुलगा आमच्यातल्या पुष्कळांना अजून सोसत नाही.) पुढे मेलबर्नला शिकून तो ऑक्सफर्डला गेला, तिथे एगॉन वेलेस आणि एडमंड रब्रा यांच्याजवळ शिकला, आणि वडील आजारी झाले म्हणून घरी परतला. वडिलांच्या मृत्यूनंतर १९६१ साली त्याने ‘इर्कांडा ४’ ही रचना केली. इर्कांडा हा तिथल्या मूळ रहिवाशांचा शब्द. दूरची, एकाकी जागा असा त्याचा अर्थ. १९६३ पासून तो सिडनीच्या विद्यापीठात शिकवू लागला आणि त्याच्या हाताखालून पुढच्या पिढीतले चांगले चांगले संगीतकार गेले.

म्हणजे बापाच्या मरणाचे दुःख सांगायला या माणसाला इंग्रजी शब्द पुरला नाही, एक परका शब्द जवळचा वाटला. ही गोष्ट लहान नाही. तो ज्या बेटावर वाढला त्याचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे तिचे वजन कळते. टास्मानियात १८३० साली सरकारने दोन हजारांहून अधिक गोऱ्या माणसांची रांग उभी केली, आणि रानात सावज हाकावे तसे मूळ रहिवाशांना हाकीत नेण्याचा घाट घातला. १८७६ मध्ये ट्रुगानिनी ही बाई वारली. ती तिथल्या मूळ वंशातली शेवटची, असे पुढे जवळजवळ शंभर वर्षे सांगितले जाई. तिच्या जातभाईंचे वंशज आजही त्या बेटावर नांदत आहेत आणि आपण आहोत असे बजावून सांगत आहेत, ही गोष्ट वेगळी. पण स्कल्थॉर्पच्या बालपणी हवा होती ती या ‘संपलेल्या’ लोकांची. ज्या घरात आपण राहतो तिथे आधी कुणी तरी राहत होते आणि ते गेले, एवढेच मुलाला कळते. कसे गेले ते कुणी सांगत नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाने मातृभूमीवर संगीत लिहायला घेतले म्हणजे त्याच्यापुढे काय अडचण उभी राहते, ते या तबकडीत ऐकू येते. तिचे खरे मोल मला त्यात वाटते.

प्रारंभी तो या अडचणीला बगल देऊन आशियाकडे वळला. युरोप दूर, जपान आणि बाली जवळ. मग व्हिएन्नाच्या सुरांनी ऑस्ट्रेलियाचे चित्र का काढावे? हा त्याचा विचार समजण्याजोगा आहे. तबकडीवरची ‘फ्रॉम ओशिॲनिया’ ही रचना त्या काळातली. ओसाकाला १९७० साली जे जागतिक प्रदर्शन भरले त्यासाठी केलेल्या ‘म्यूझिक फॉर जपान’ मधून ती काढून त्याने २००३ मध्ये पुन्हा मांडली. तालवाद्यांचा दणदणाट, पितळी वाद्यांचे हुंकार, वाढत वाढत जाणारा गोंगाट, आणि मग संपते. ऐकायला जोरकस आहे. पण तीत कुणाचीच भूमी नाही. प्रदर्शनातल्या मंडपाला असते तेवढीच तिची भूमी. १९८३ सालच्या पियानोच्या रचनेत जपानच्या दरबारी संगीताची आणि बालीच्या घंटावाद्यांची छाया आहे, पण ती उसनी वाटत नाही. पियानो एकटा पडलेल्या माणसासारखा तेच तेच स्वर पुन्हा चाचपत राहतो आणि वाद्यवृंद त्याला धीर देत नाही. मला ती फार आवडली. मात्र आपल्या विषयाशी तिचा संबंध थोडा, म्हणून तिला इथेच सोडतो.

रागदारीवर कान पोसलेल्या माणसाला पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकताना एक त्रास होतो. सूर एका जागी ठरत नाही. षड्जावर जरा टेकावे तो जमीनच सरकते. युरोपातल्या रचनाकारांना हे सरकणे फार प्रिय आहे, त्यातूनच ते डोंगर, दऱ्या, वादळ आणि सुटका उभी करतात. स्कल्थॉर्प हे फारसे करीत नाही. तो खाली एक स्वर धरतो आणि बराच वेळ धरूनच ठेवतो. वरची धून थोडक्या स्वरांत फिरते, पुन्हा पुन्हा त्याच पायरीवर उतरते. पहिल्यांदा ऐकताना वाटते, याला पुढे जाता येत नाही की काय? मग हळूहळू ध्यानात येते की पुढे जाण्याजोगे काही नाहीच, चहूकडे सपाट आहे. मैलोन्‌मैल एकच रंग, एकच उंची, आणि क्षितिजावर काही तरी हलते आहे असा भास. आमच्या सोलापूरकडच्या माळावर भर उन्हात चाललेल्या माणसाला हे चटकन समजेल. वेळ जातो पण जागा बदलत नाही. देशाचे चित्र काढण्याची ही रीत मला चित्रमय वर्णनापेक्षा अधिक खरी वाटते. कादंबरीतसुद्धा बाभळीची नावे घालून माळ उभा राहत नाही. वाक्यालाच माळाची चाल यावी लागते, तेव्हा तो राहतो.

आता तबकडीवरची पहिली रचना, ‘अर्थ क्राय’. भूमीचा आक्रोश. ही १९८६ ची. प्रथम एखादी आनंदी, धावती रचना करावी असे स्कल्थॉर्पच्या मनात होते, पण तसे करणे खोटेपणाचे होईल असे त्याला वाटले. इथले मूळ लोक या भूमीशी सूर जुळवून राहिले. आपण मागून आलेले लोक मात्र तिचे ऐकतच नाही, अशी त्याची खंत. म्हणून द्रुत लयीचे विधीसारखे भाग त्याने संथ, विनवणी करणाऱ्या भागांच्या चौकटीत बसवले. पुष्कळदा सगळी वाद्ये एकच धून वेगवेगळ्या सप्तकांत मिळून वाजवतात. आमच्या कानाला हे ओळखीचे आहे. भजनात बायका आणि पुरुष एकच चाल आपापल्या पट्टीत म्हणतात, तसे. या समूहस्वरात ठेका आहे, आर्जव आहे, क्वचित धमकीही आहे.

पण खरी गोष्ट खालच्या स्वरात आहे. १९८६ मध्ये ही रचना केली तेव्हा तीत डिजरिडू नव्हते. ट्रॉम्बोन, ट्यूबा आणि खर्जातली तंतुवाद्ये यांच्याकडून स्कल्थॉर्पने डिजरिडूचा भास उत्पन्न केला होता. पुढे बार्टनसारखा वादक मिळाला, तेव्हा त्याने २००३ च्या सुमारास खरोखरीचे वाद्य त्यात आणून बसवले. तबकडीवर आहे ते हे नवे रूप. डिजरिडू म्हणजे वाळवीने आतून पोखरलेले निलगिरीच्या जातीच्या झाडाचे खोड. त्याला भोके नाहीत, पट्ट्या नाहीत. एका टोकाला ओठ लावायचे आणि फुंकायचे. नाकाने श्वास आत घेत घेत गालांतला वारा बाहेर सोडीत राहायचे, म्हणजे स्वर तुटत नाही. आपले पुंगीवाले गारुडी हेच करतात. एकच मूळ स्वर, पण त्याच्या पोटात गुरगुर, चीत्कार, पाखरांची ओरड, धाव, सगळे काही. हे मुळात ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातले वाद्य. आर्न्हेम लँडमधले योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात.

तेव्हा इथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. नकल आधी झाली आणि अस्सल मागून आले. नाटकात राजाचे सोंग घेतलेला नट रंगमंचावर उभा असावा आणि विंगेतून खरा राजा चालत यावा, तसे. नटाने आता काय करावे? बार्टनचा स्वर सुरू झाला की ट्यूबा आणि ट्रॉम्बोन यांची वीस वर्षांची मेहनत काही क्षण उघडी पडते. त्यांचा खर्ज गुळगुळीत, पॉलिश केलेला. याचा खर्ज जिवंत, त्याच्यात थुंकी आहे, श्वास आहे, लाकूड आहे. मला पहिल्या दोन-तीन वेळा वाद्यवृंद नकोसा झाला. वाटले, या पाहुण्यांनी जरा गप्प बसावे आणि त्या एकट्याला वाजवू द्यावे.

पुढे मात्र मत बदलले असे नाही, पण त्यात भर पडली. रचनेत असे काही क्षण येतात की खालचा स्वर बार्टनचा की ट्यूबाचा हे सांगता येत नाही. दोन्ही एकमेकांत मुरतात. नकल करणाऱ्याने इतकी वर्षे कान देऊन ऐकले होते याची ती पावती आहे. पण धून मात्र त्या मिलाफात सामील होत नाही. ती वर व्हायोलिनांकडेच राहते, आर्जव करीत. डिजरिडूला धून नाही. म्हणजे भूमी खाली गुरगुरते आहे आणि माणूस वर विनवतो आहे. विनवणारा गोराच आहे. ज्याची भूमी होती त्याला या रचनेत बोलण्याचे काम दिलेले नाही, भूमी होण्याचे काम दिलेले आहे. ही माझी या रचनेविषयीची मुख्य तक्रार आहे, आणि तबकडी कितीदाही ऐकली तरी ती दूर होत नाही.

कुणी म्हणेल, संगीतात इतके कायदे कशाला? पण कायदा इथे बाहेरून आणावा लागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांत गाणे हे ऐऱ्यागैऱ्याने म्हणायचे नसते. अमुक पाणवठ्याचे, अमुक खडकाचे गाणे अमुक कुळाचे. ते म्हणण्याचा हक्क वारशाने येतो, आणि त्या हक्काबरोबर त्या जागेची निगा राखण्याचे कर्तव्य येते. गाणे हाच तिथला सातबारा. गोऱ्यांच्या कायद्याने मात्र सव्वादोनशे वर्षांपूर्वी ठरवून टाकले, की हा खंड कुणाच्या मालकीचा नव्हताच. ही समजूत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात मोडली ती १९९२ च्या जूनमध्ये. पुढे १९९७ साली ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांनी आपल्या भूमीचे भले मोठे चित्र रंगवले, ते लवादापुढे जमिनीवर अंथरले, आणि ज्याने त्याने चित्रातल्या आपापल्या जागेवर उभे राहून आपला हक्क सांगितला. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. ज्या समाजात चित्र आणि गाणे हीच दस्तऐवजाची जागा घेतात, तिथली चाल उचलून आपल्या रचनेत घालणे ही निव्वळ कलेची बाब राहत नाही. १९८६ मध्ये ‘अर्थ क्राय’ झाली, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने आक्रोश करणारी भूमी बेवारस होती, हे ध्यानात ठेवावे. स्कल्थॉर्पने ती बेवारस नाही एवढे तरी त्या वेळी मोठ्याने म्हटले, हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

आता ‘काकाडू’. तबकडीवरची ही सर्वांत गाजलेली रचना, आणि लोकप्रिय व्हावी अशीच आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात काकाडू नावाचे राखीव रान आहे. सुमारे २० हजार चौरस किलोमीटर. समुद्राकाठच्या भरतीच्या दलदलीपासून खडकाळ पठारापर्यंत ते पसरले आहे. तिथल्या खडकांवर हजारो वर्षांची चित्रे आहेत. तिथले मूळ लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात (आपल्यासारखेच, फक्त त्यांचे ऋतू त्यांच्या पावसाला धरून आहेत). त्या रानाने वेढलेल्या जागेत रेंजर नावाची युरेनियमची खाण १९८० च्या दशकात जोरात चालू होती; तिचे काम थांबले ते २०२१ च्या जानेवारीत. ही खाण रचनेत ऐकू येत नाही. येते ती नृत्यासारखी धावणारी लय, ढोलांचे ठोके, आणि वर व्हायोलिनांचे पाखरांसारखे चीत्कार. तारेवर बोट घसरवून काढलेली ही पाखरे स्कल्थॉर्पची खासियत. एखाद्या वादकाने मींड घेता घेता ती हवेत सोडून द्यावी, तशी ती उडतात. दलदलीवरून हजारो पाखरे एकदम उठल्याचा प्रत्यय येतो. इथे मला त्याच्या कसबापुढे मान लवविल्यावाचून गत्यंतर नाही.

धुनींची वळणे मूळ रहिवाशांच्या गायनावरून घेतलेली आहेत. पण रचनेच्या मधोमध, दोन्ही बाजूंचे नृत्य थांबले की, कोर अँग्लै हे वाद्य एक लांब, व्याकूळ धून वाजवते. शहनाई जरा खालच्या पट्टीत आणि सर्दी झालेल्या गळ्यातून निघावी असा त्याचा आवाज. ही धून तबकडीवरची सर्वांत सुंदर जागा. ती काय आहे? काकाडूच्या एखाद्या म्हाताऱ्याचे गाणे? नाही. ती इमॅन्युएल पॅपर या अमेरिकन गृहस्थाचा आवाज आहे. पॅपर हे डॉक्टर. त्यांनी आपल्या पत्नीच्या वाढदिवसासाठी ही रचना मागवली, आणि १९८८ साली अमेरिकेत कोलोराडोमधल्या ॲस्पेन येथे ती प्रथम वाजली. स्कल्थॉर्पने ही गोष्ट लपवली नाही, स्वतःच सांगितली.

त्या वर्षी ऑस्ट्रेलियात गोऱ्यांच्या वसाहतीला दोनशे वर्षे झाल्याचा उत्सव चालू होता, आणि २६ जानेवारीला हजारो मूळ रहिवासी आणि त्यांचे सोबती सिडनीच्या रस्त्यावर निषेधाला उतरले होते. आणि काकाडूच्या पोटात गात होता एक अमेरिकन मित्र! मी हे कुचेष्टेने म्हणत नाही. मित्राच्या प्रेमाने लिहिलेली धून म्हणूनच ती इतकी आर्त उतरली. पण त्यामुळे एक गोष्ट उघड होते. या रचनेतले रान ही पार्श्वभूमी आहे, आणि मध्ये जो बोलतो तो दुसराच कुणी आहे. रानाचे नाव शीर्षकात, माणूस पोटात. आपल्या कित्येक प्रादेशिक कादंबऱ्यांचे हेच होते. सुरुवातीला आणि शेवटी नदी, डोंगर, जत्रा. मध्ये मात्र पुण्याहून आलेला नायक आपले दुःख उगाळीत बसलेला. मीही एका कादंबरीत कातकरी वस्तीत शिकवायला आलेला मास्तर घातला आहे. त्याच्या तोंडी मी जितकी वाक्ये दिली तितकी कातकऱ्यांच्या तोंडी दिली की नाही, हे मोजायला वाचक मोकळा आहे.

काकाडू हे नाव ज्या भाषेवरून पडले ती गागुजू. स्कल्थॉर्पने रचना केली तेव्हाही तिचे बोलणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते आणि त्याने तसे खेदाने नमूद केले होते. २००२ च्या मे महिन्यात बिल नीडजी हे वृद्ध गृहस्थ वारले आणि ती भाषा अस्खलित बोलणारे शेवटचे माणूस गेले. तबकडी निघाली त्यानंतर दोन वर्षांनी. तेव्हा तिच्यावर ‘काकाडू’ ऐकताना आपण एका अशा देशाचे नाव ऐकत असतो, की ज्याला त्या नावाने त्याच्याच भाषेत हाक मारणारा आता कुणी नाही. पाखरे मात्र अजून उठताहेत.

‘मेमेंटो मोरी’ ही १९९३ ची रचना इथे कशी आली असे कुणी विचारील, कारण ती ऑस्ट्रेलियावर नाहीच, पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावर आहे. त्या बेटावरच्या लोकांनी सगळी झाडे तोडली, मग उपासमार झाली, लढाया झाल्या आणि लोक जवळजवळ संपले, ही कथा स्कल्थॉर्पने साऱ्या पृथ्वीला इशारा म्हणून घेतली. मध्ययुगातल्या ख्रिस्ती लोकांची अंतकाळाची चाल तो तीत आणतो, आणि दोन लागून असलेल्या स्वरांवर, अर्धस्वराच्या अंतरावर, झोका घेत राहतो. हा झोका त्याने केप्लरवरून घेतला. या ज्योतिष्याने १६१९ साली ग्रहांचे संगीत लिहिले, त्यात पृथ्वी मी-फा-मी एवढेच गाते. दैन्य आणि भूक या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे तीत आहेत असे त्याचे म्हणणे. कल्पना सुरेख आहे. रचनाही गंभीर आणि आटोपशीर आहे. पण त्या बेटाच्या लोकांच्या जुन्या हाडांतली आनुवंशिक द्रव्ये तपासून २०२४ साली शास्त्रज्ञांनी दाखवले, की तिथली वस्ती सतराव्या शतकात अशी कोसळलीच नव्हती. तिची खरी पडझड झाली ती १८६० नंतर पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांच्या धाडींनी आणि त्यांच्यामागून आलेल्या देवीच्या साथीने. संगीत याने खोटे पडत नाही. पण इशारा कुणी कुणाला द्यायचा, हे मात्र उलटे होऊन बसते. दुसऱ्याच्या भूमीवरची दुसऱ्याची चूक आपण गंभीर चेहऱ्याने गातो, तेव्हा हिशेबाची वही कुणाच्या हाताची आहे ते आधी पाहिलेले बरे.

या तबकडीवर ‘फ्रॉम ओशिॲनिया’ ऐवजी ‘पोर्ट एसिंग्टन’ हवी होती असे मला राहून राहून वाटते. १९७७ सालची ती रचना फक्त तंतुवाद्यांसाठी आहे. पोर्ट एसिंग्टन ही इंग्रजांनी उत्तर किनाऱ्यावर १८३८ साली वसवलेली आणि १८४९ साली सोडून दिलेली वसाहत. एल्किन हा मानववंशशास्त्रज्ञ आणि जोन्स हा संगीतशास्त्रज्ञ यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर आर्न्हेम लँडची गाणी मुद्रित करून त्यांचे स्वरलेखन केले. त्यातली ‘जिलिले’ नावाची एक चाल स्कल्थॉर्पला आयुष्यभर पुरली. दलदलीतल्या शीळ घालणाऱ्या बदकांची ती चाल. ‘पोर्ट एसिंग्टन’ मध्ये तीन वाद्ये हीच चाल इंग्रजी दिवाणखान्यातल्या नाजूक नृत्यसंगीताच्या झुली घालून वाजवतात, आणि बाकीची वाद्ये रान होऊन भोवती दाटत येतात. दिवाणखाना टिकत नाही. इथे उसनी चाल उसनीच आहे असे रचनाच सांगते. चाल घेतली, तिला आपले कपडे घातले, ते तिला शोभले नाहीत आणि आपणही तिथे राहू शकलो नाही. ‘अर्थ क्राय’ ची विनवणी आणि ‘काकाडू’ ची मैत्री यांपेक्षा हा कबुलीजबाब मला फार मोठा वाटतो. स्कल्थॉर्पला स्वतःची अडचण सगळ्यांत स्वच्छ कळली ती तिथे. पुढे तो तिच्याकडे पुन्हा पुन्हा आला, पण इतक्या उघड्या डोळ्यांनी क्वचितच.

विल्यम बार्टनचे थोडे सांगून थांबतो. हा १९८१ साली क्वीन्सलँडमधल्या माउंट आयझा या खाणीच्या गावी जन्मला. कलकडुंगा जमातीचा. डिजरिडू तो आपल्या काकांजवळ शिकला. स्कल्थॉर्पच्या वाद्यवृंदातून तो जगभर गेला, आणि वाद्यवृंद म्हणजे काय हे त्याने आतून, खर्जाच्या बाजूने, पाहून घेतले. २००७ मध्ये मॅथ्यू हिंडसन या संगीतकाराबरोबर त्याने ‘कलकडुंगू’ ही वाद्यवृंदरचना केली. कलकडुंगा लोकांनी गोऱ्यांशी निकराची झुंज दिली आणि १८८४ साली बॅटल माउंटन या टेकडीवर ते कापले गेले; त्यांच्या स्मृतीशी या रचनेचे नाते आहे. तिच्यात तो डिजरिडू वाजवतोच, शिवाय विजेची गिटार हातात घेतो आणि स्वतः गातो. ‘अर्थ क्राय’ मध्ये जो फक्त भूमी होता त्याला इथे तोंड फुटले आहे. गिटार मला जरा कर्कश वाटली, आणि वाद्यवृंदाची बाजू स्कल्थॉर्पइतकी मुरलेली नाही. पण वाचकांनी ही रचना मिळेल तिथून मिळवावी आणि ‘अर्थ क्राय’ च्या पाठोपाठ लावावी. मध्ये चहाला उठू नये.